नकाशा कोणाच्या हातात?



आज शाळेतल्या एका विषयाबद्दल बोलायचं आहे. दप्तरात त्याची पुस्तकं असतात, पण घरात त्याची चौकशी कोणी करत नाही. भूगोल आणि इतिहास-नागरिकशास्त्र. पोरीला आपण विचारतो, गणिताचं काय झालं, इंग्रजी येतं का? भूगोलाचं नाव निघालं की म्हणतो, त्यात काय, पाठ केला की झालं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. एक पेपर वाचला म्हणून किती घरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल!

पण हा विषय आपल्यापर्यंत कसा आला, तो मिळावा म्हणून कोणी मागणी केली आणि तो नीट आला नाही तर आपल्या लेकींचं काय नुकसान होतं, हे पाहिलं तर असा श्वास सोडवणार नाही.

आधी नकाशाची गोष्ट. आपल्या गावात शाळेआधी मोजणी आली. पेशवाई १८१८ साली संपली आणि इंग्रज सरकारला शेतसारा ठरवायचा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पहिली मोठी मोजणी सुरू केली. त्यातून बसवलेला सारा इतका जड होता की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास नव्याने काम हाती घेतलं. शेताला नंबर, नंबराला हद्द, जमिनीची प्रत आणि तिच्यावरून तीस वर्षांसाठी सारा. ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली.

मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही आपण गुंठ्यातच बोलतो. म्हणजे गावचा नकाशा जन्मला तो साऱ्यासाठी. तो सरकारच्या दप्तरात राहिला. गावात तो वाचता येणारी माणसं थोडी, आणि त्यांत बाई जवळपास नव्हतीच. रान तिच्या पायाखालचं होतं, तण काढून तिचे हात सोलले होते, पण कागद तिच्या हातात नव्हता.

तो कागद वाचता यावा असं शिक्षण सगळ्यांना मिळालं पाहिजे, हे आपल्याकडे ठणकावून सांगितलं जोतीराव फुल्यांनी. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. पुढे १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी त्याला निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं असं, की सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामातून, मग शिक्षणाचा पैसा वरच्या थरातच का जिरतो? गावच्या शाळेत काय शिकवावं, हेही त्यांनी सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोल, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. बघा, भूगोल आणि शेती एकाच यादीत आहेत. शेतकऱ्याच्या लेकराला आपली जमीन, आपला मुलूख आणि आपला काळ समजला पाहिजे, असा त्या यादीचा अर्थ आम्ही घेतो.

त्याआधी २७ वर्षं, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांची दुःखं. आपल्या लोकांना जमिनीवरून कसं हाकललं, त्यांच्यावर काय जुलूम झाले, आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे त्या मुलीने लिहिलं. आपला समाज कसा चालतो आणि असा का चालतो, हे विचारणं म्हणजेच समाजशास्त्र. मुक्ताने ते पाठ केलं नव्हतं. तिने ते डोळ्यांनी पाहिलं आणि शाळेने दिलेल्या अक्षरांनी मांडलं.

आता हे विषय एकमेकांना कसे जोडलेले असतात, याचं एक उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी बाजारात जमलेले शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांनी कर्जाचे रोखे आणि वह्या काढून जाळल्या. पुस्तकात हा ‘दख्खनचा उठाव’ म्हणून येतो. मुलं साल पाठ करतात आणि पान उलटतात.

पण थोडं मागे जाऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव चढला. भाव बघून सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी कर्ज घेतलं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपली म्हणून सरकारने सारा वाढवला. सावकाराने हात आखडता घेतला, जमिनी कोर्टातून जाऊ लागल्या. मग सुप्यात आग लागली. अमेरिका कुठे, सुपे कुठे! भूगोल कळल्याशिवाय हा इतिहास कळत नाही. आणि त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जात दिलासा देणारा कायदा करावा लागला, ते नागरिकशास्त्र. ज्या घरात कापूस, कांदा किंवा सोयाबीन पिकतं, त्या घरातल्या मुलीला हा धडा परका वाटेल का? भाव कुठे ठरतो आणि झळ कुठे बसते, हे ती रोज बघते.

भूगोल आपल्या हातांतही आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या आजीबाई अजून गावोगावी आहेत. त्या काळात लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि डोंगरावरचे समतल चर आपल्या आया-सासवांनी खणले. समतल चर म्हणजे डोंगराच्या पोटाला एकाच उंचीवरून गेलेली रेघ. सातवीच्या भूगोलात ‘समोच्च रेषा’ म्हणून शिकवतात ती हीच. पुस्तकातली रेषा पोरीला कळत नसेल, तर आजीने तिला डोंगरावर न्यावं. पाणी धावू नये, थांबून मुरावं म्हणून चर असा आडवा काढतात, हे आजी एका वाक्यात सांगेल.

पाठ्यपुस्तकंही आता हेच सांगू लागली आहेत. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’ आहे. म्हणजे बाहेर जा, बघा, माणसांना विचारा, नोंद करा. शिक्षक मनापासून शिकवणारे असतील तर ओढा, बाजार, ग्रामपंचायत हीच त्यांची प्रयोगशाळा होते. पण वेळ कमी, पोर्शन मोठा, त्यात गाईडची सवय. मग क्षेत्रभेट वहीतच उरकते. आणि सहल निघालीच, तर मुलीला पाठवायचं की नाही, यावर घरात वाद होतो. तिथे आपण ठाम राहिलं पाहिजे. मुलगा शिवार फिरून शिकतो आणि मुलगी धडा पाठ करून, हे चालायचं नाही.

कारण पुढे प्रसंग येतो तो कागदाचा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ साली तो देशभर लागू झाला. कायदा झाला, पण सह्या कुठे होतात, हे आपण सगळ्या जाणतो. लग्न झालं की हक्कसोडपत्र पुढे येतं. कोणता गट, किती गुंठे, हद्द कुठली, विहीर कोणाच्या बाजूला, काही न बघता मुलगी सही करते. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे तिचं तिने ठरवावं. पण काय सोडतो आहोत, हे तिला वाचता आलं पाहिजे. सातबारा, गावनकाशा आणि कायदा. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र तिथे एका टेबलावर येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तीन कामं सुचवतो.

पहिलं, गटाच्या पुढच्या बैठकीत गावनकाशाची प्रत ठेवा. ती मोजणी ऑफिसातून मिळते. आठवी ते दहावीच्या मुलींना बोलवा आणि त्यांच्याकडून तो वाचून घ्या. उत्तर कुठे, ओढा कुठून कुठे जातो, आपला गट कुठला. सातबारा शेजारी ठेवा. सातमध्ये कोणाची नावं आहेत, बारामध्ये कोणतं पीक लागलं आहे, बघा.

दुसरं, आठवीपर्यंतच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिच्यात निम्म्या बायका असाव्या लागतात. तुमच्यापैकी कोणी समितीत असेल तर विचारा, यंदा मुलं शिवारात कधी जाणार? मदतीला आम्ही किती जणी येऊ?

तिसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. त्या सभेला मोठ्या मुलींना सोबत न्या. पुस्तकातली ग्रामसभा त्यांना डोळ्यांनी दिसू द्या.

नकाशा आपल्या गावात आला तेव्हा तो दुसऱ्यांनी आपल्यावर काढलेला होता. आता तो आपल्या लेकींना वाचता यावा, आणि चुकलेला असेल तर चूक दाखवताही यावी. पेपर कितीही गुणांचा असो, एवढं शिकवणारा विषय हलका नाही.