पोर्तुगीज वसाहतवाद, भारतातील

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत दीर्घकाळ टिकलेली यूरोपीय सत्ता (१५०५–१९६१). आफ्रिकेला वळसा घालून वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतनजीक पोहोचला. पूर्व आफ्रिकेतील मालिंदी बंदरापासून पुढचा प्रवास त्याने तेथे घेतलेल्या वाटाड्याच्या मदतीने केला. मोसमी वाऱ्यांवर चालणारा हा मार्ग अरब व भारतीय नाविकांना शतकानुशतके परिचित होता. त्यामुळे गामाचा ‘शोध’ हा प्रामुख्याने यूरोपच्या दृष्टीने शोध होय.

फ्रांसिश्कू द आल्मेइद हा १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय म्हणून आला. त्याच्यानंतर आफोंसु द आल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकले. १५३४ मध्ये वसई व तिच्या परिसरातील प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून मिळाला. पोर्तुगीजांचे बळ भूप्रदेशापेक्षा तोफांनी सज्ज जहाजांत होते. हिंदी महासागरातील व्यापारी जहाजांवर त्यांनी ‘कार्ताझ’ या परवान्याची सक्ती केली. परवाना नसलेले जहाज जप्त केले जाई किंवा बुडविले जाई. मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज गामाने १५०२ मध्ये प्रवाशांसह जाळले. तथापि मिरीच्या व्यापाराची मक्तेदारी त्यांना पूर्णपणे साधली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास तांबड्या समुद्रावाटे चालणारा व्यापार पुन्हा सुरू झाला.

या संपर्काचे चिरस्थायी परिणाम शेती व आहार यांवर झाले. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू व तंबाखू ही अमेरिका खंडातील पिके मुख्यत्वे पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. मराठीतील बटाटा, पाव, पगार, चावी, साबण, घमेले, तुरुंग इ. शब्द पोर्तुगीज मूळाचे आहेत. हा प्रसार कोणत्याही शासकीय धोरणाचे फळ नव्हता. खलाशी, पाद्री, व्यापारी व स्थानिक शेतकरी यांच्या व्यवहारांतून तो घडला.

ज्ञानाच्या क्षेत्रातील वारसा अधिक गुंतागुंतीचा आहे. ॲबिसिनियाकरिता पाठविलेले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरले व तेथेच राहिले. भारतातील मुद्रणाचा प्रारंभ असा योगायोगाने झाला. टॉमस स्टीफन्सचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. परंतु ज्या मिशनऱ्यांनी देशी भाषांचा अभ्यास केला, त्यांच्याच राज्यात १६८४ मध्ये कोकणीचा वापर सोडण्याचा हुकूम निघाला. तत्पूर्वी सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश व साष्टी या भागांतील देवळे पाडण्यात आली होती. अनेक कुटुंबांनी आपल्या दैवतांसह शेजारच्या मुलखात आश्रय घेतला. इन्क्विझिशनचे (धार्मिक न्यायपीठाचे) काम १५६० पासून, १७७४–७८ हा काळ वगळता, १८१२ पर्यंत चालले.

या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणजे वैद्य गार्सिया द ओर्त. ज्यू धर्मातून ख्रिस्ती केल्या गेलेल्या घराण्यातील हा विद्वान १५३४ मध्ये भारतात आला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतीय वनौषधींविषयी त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. स्थानिक वैद्य व हकीम यांच्याकडून मिळालेली माहिती व स्वतःचे निरीक्षण यांवर तो आधारलेला असून, त्याच्या लॅटिन संक्षेपामुळे (१५६७) हे ज्ञान यूरोपभर पसरले. ओर्त १५६८ मध्ये निवर्तला. पुढील वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० मध्ये ओर्तच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्या शहराने त्याचा ग्रंथ छापला, त्याच शहराने त्याला ही शिक्षा केली.

मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. गोवा, दमण व दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. या राजवटीचे मूल्यमापन करताना लाभ व हानी यांची केवळ वजाबाकी करणे अयोग्य ठरते. कारण लाभ पुढील पिढ्यांना मिळाला, तर किंमत तत्कालीन प्रजेने मोजली. शिवाय मिरची वा मुद्रण यांच्या प्रसारासाठी सक्तीचे धर्मांतर वा परवानापद्धती आवश्यक नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच जहाजाने आल्या, एवढ्यावरून एकीने दुसरीचे समर्थन होत नाही.