सायकल सुरक्षा साधने

सायकल सुरक्षा साधने म्हणजे सायकलस्वाराचे अपघातापासून व सायकलचे चोरीपासून रक्षण करणारी उपकरणे होत. ब्रेक, दिवे, परावर्तक आणि घंटी अपघात टाळण्यास मदत करतात, तर हेल्मेट अपघात घडल्यानंतरची इजा कमी करते. त्यामुळे रोजच्या वापराच्या सायकलमध्ये सुस्थितीतील ब्रेक व दिवे यांना प्राधान्य दिले जाते.

दृश्यमानता

पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. चाकाच्या गतीवर चालणाऱ्या डायनामोला बॅटरी लागत नाही. मात्र साधा डायनामो सायकल थांबताच बंद पडतो. फ्लुरोसंट रंगाचे जाकीट दिवसा उठून दिसते, परंतु अंधारात त्याचा फारसा उपयोग होत नाही. परावर्तक पट्टी वाहनाचा प्रकाश त्याच दिशेने परत पाठवते. पेडल किंवा घोट्यावरील परावर्तक सतत वरखाली हलत असल्याने चालकाला सायकलस्वार लवकर ओळखू येतो.

हेल्मेट

हेल्मेटमधील पॉलिस्टायरीनचा फेस आघाताच्या वेळी चेपला जाऊन ऊर्जा शोषून घेतो. एकदा चेपलेला फेस पूर्ववत होत नाही. म्हणून मोठ्या आघातानंतर बाहेरून तडा दिसत नसला तरी हेल्मेट बदलावे लागते. हेल्मेट कपाळ झाकणारे, डोक्यावर आडवे बसणारे व हनुवटीखालील पट्ट्याने घट्ट राहणारे असावे. ईएन १०७८ या युरोपीय मानकानुसार सपाट पृष्ठभागावरील आघाताची चाचणी ताशी सुमारे २० किमी वेगाने होते. त्यामुळे भरधाव मोटारीच्या धडकेत हेल्मेटचे संरक्षण मर्यादित ठरते.

कुलूप व इतर साधने

मागच्या चाकावरील गोल कुलूप चाक फिरू देत नाही, परंतु सायकल उचलून नेता येते. यू-आकाराचे पोलादी कुलूप चौकट व चाक यांतून ओवून खांबाला अडकवता येते. बारीक तारेचे कुलूप सहज कापले जाते. मडगार्ड चिखलापासून, तर साखळीचे आवरण कपडे अडकण्यापासून बचाव करते. सामान हँडलला टांगल्यास तोल जाण्याचा संभव असतो. त्यासाठी कॅरिअर अधिक सुरक्षित असते.

कायदे

रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात सायकलला कार्यक्षम ब्रेक, घंटी, दिवे व मागील लाल परावर्तक आवश्यक मानले आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलसाठी अशी सक्ती नाही. भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मधील हेल्मेटसक्ती मोटारसायकलींसाठी असून ती पायडलने चालणाऱ्या साध्या सायकलींना लागू होत नाही.