जीपला नसलेले कुलूप
थ्रेड 🧵 चारही चाकांना इंजिनाचे बळ, तरीही गाडी चिखलात जागच्या जागी. असे का होते? आणि त्यावर उपाय कोणासाठी झाला?

१८२० च्या दशकात ओनेसिफोर पेक्यर या फ्रेंच तंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शिअल योजले. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. तशी मुभा या दातेरी चक्रांनी दिली. चिखलात मात्र हीच मुभा घात करते. एक चाक घसरू लागले की दुसऱ्यालाही तेवढेच क्षीण बळ मिळते. महायुद्धातील विलीज जीपच्या दोन्ही आसांवर असेच मोकळे डिफरन्शिअल होते. पुढचे एक, मागचे एक चाक घसरले की ती विख्यात जीपही हतबल!

डिफरन्शिअलला कुलूप घालण्याची युक्ती अज्ञात नव्हती. पण पराभूत जर्मनीत आल्बर्ट फ्रीड्रिख यांनी शेतकऱ्यासाठी आखलेल्या युनिमॉगमध्ये ती दोन्ही आसांवर मुळातच होती. दोन चाकांमधले अंतर १२७० मिमी, म्हणजे बटाट्याच्या दोन सऱ्यांइतके. इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे. म्हणूनच त्यातले थोडेही वाया घालवणे परवडणारे नव्हते.

जुन्या गाडीत हे कुलूप मागाहून बसवणे मात्र नाजूक काम. आसाचे दांडे काढून क्राउन नव्या सांगाड्यावर चढवायचा, पिनियनच्या दातांशी त्याची फट शिम घालून मिलिमीटरच्या अंशांत जुळवायची. फट चुकली तर आधी आवाज येतो, मग दाते झिजतात.

आणि कोरड्या डांबरी वळणावर कुलूप उघडायला विसरलात, तर टायर फरफटतात.