तेरचे चैत्य आणि युरोपातली जुनी प्रार्थनास्थळे

स्मरणिका म्हटली की अहवाल, शुभेच्छा आणि देणगीदारांची यादी आलीच. ती हवीच. पण यंदा त्यासोबत एक इतिहासाचा लेख द्यावा असे आम्हाला वाटले. विषय साधा आहे. ज्या इमारतीवर बांधणाऱ्याचे नाव नाही, काळ लिहिलेला नाही, ती इमारत आपला इतिहास सांगते तरी कशी?

याचे उदाहरण आपल्या सोलापूरच्या जवळच आहे. धाराशिवच्या पुढे तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी हे मोठे व्यापारी शहर होते. त्याचे नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पैठणबरोबर तगरचे नाव येते. तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. चादरी-टॉवेलांच्या सोलापूरकरांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९०१ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझेन्स यांनी तेरच्या जुन्या वास्तूंचे तपशीलवार वर्णन केले.

तेरमध्ये त्रिविक्रमाचे देऊळ आहे. आत त्रिविक्रमाची दगडी मूर्ती आहे, तिची पूजा होते. पुढे सपाट छताचा मंडप आहे. तो ओलांडून मागे जाऊन बाहेरून बघितले की माणूस थबकतो. कारण मागचा भाग नेहमीच्या देवळासारखा नाहीच. भिंत शेवटी अर्धगोल वळलेली आहे आणि वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. या आकाराला गजपृष्ठ म्हणतात. मंडपाच्या छतावरून बघितले तर दर्शनी बाजूला चैत्याची कमान दिसते.

ज्यांनी भाजे, कार्ले बघितले आहे, वेरूळचे दहा नंबरचे लेणे बघितले आहे, त्यांना हा आकार लगेच ओळखू येईल. लेण्यात शेवटी अर्धगोल भाग असतो, तिथे स्तूप असतो. उपासक एका बाजूने आत जाणार, स्तूपाला वळसा घालणार आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येणार. भिंत वळली ती माणसाच्या चालण्यासाठी. लेण्यांत हा आकार डोंगर कोरून केला. तेरला मात्र तो मोकळ्या जमिनीवर, विटा रचून केला आहे. विटांचे थर एकावर एक थोडे थोडे आत सरकवत छप्पर मिटवले आहे. विटांच्या अशा वास्तू फार थोड्या उरल्या. आंध्रातल्या चेजर्ला गावचे कपोतेश्वर देऊळ ही त्यातलीच एक.

अनेक अभ्यासक तेरची ही वास्तू साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली आणि मुळात बौद्ध चैत्य मानतात. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत, त्यामुळे या मताला बळ येते. पण इथे एक सावधगिरी हवी. गजपृष्ठ दिसले की ते बौद्धच, असा नियम नाही. विजापूरच्या पुढे ऐहोळे येथे दुर्ग मंदिर आहे. तेही मागे असेच अर्धगोल आहे, पण ते पहिल्यापासून ब्राह्मणी देवतांचेच देऊळ. म्हणजे नुसता आकार हा पुरावा पुरत नाही. आकार, आसपासचे अवशेष आणि काळ, तिन्ही जुळवून बघावे लागते. तेरला ते जुळते, म्हणून आपण म्हणू शकतो. नुसत्या अभिमानापोटी म्हणू नये. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा तपासायला शिकवले आहे.

आता जरा लांब जाऊ. याच शतकांत युरोपच्या उत्तर आणि पश्चिम भागात काय चालले होते? रोमन साम्राज्य पश्चिमेत मोडून पडले होते आणि नवे राजे ख्रिस्ती धर्म स्वीकारत होते. त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. त्यांच्या चर्चचा शेवटही बहुतेक वेळा अर्धगोल असे. हे वाचून कोणाला वाटेल की आपलाच आकार तिकडे गेला. तसे म्हणायचा मोह आवरावा. त्यांनी तो रोमन लोकांच्या दरबाराच्या आणि न्यायनिवाड्याच्या दालनांवरून घेतला. तिथे त्या गोलाईत अधिकारी बसत. आपल्याकडे गोलाई प्रदक्षिणेसाठी होती. आकार एक, कारणे दोन.

खरे साम्य दुसरीकडे आहे. जुन्याचा नव्यासाठी वापर तिकडेही झाला. इंग्लंडच्या उत्तरेला एस्कम नावाच्या गावात सातव्या शतकातले एक लहानसे चर्च आहे. त्याच्या भिंतींतले दगड मोडक्या रोमन इमारतीतून आणलेले आहेत. आज जर्मनीत असलेल्या आखेन गावी शार्लमेन राजाने आठ कोनांचे भव्य प्रार्थनामंदिर उभारले. त्यासाठी संगमरवरी खांब थेट इटलीतून, रोम आणि राव्हेन्नाहून आणवले. नॉर्वेत उर्नेस येथे लाकडी चर्च आहे. ते बाराव्या शतकातले, पण त्याच्या भिंतीत बसवलेले नक्षीदार दार त्याआधीच्या, अकराव्या शतकातल्या चर्चचे आहे. एकमेकांत गुंतलेले प्राणी आणि वेली त्यावर कोरल्या आहेत. जुने चर्च गेले, पण दार जपले. तेरलाही उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची जुनी कोरीव लाकडी चौकट अशीच टिकली. लाकूड आपल्या हवेत इतकी शतके टिकणे ही काही लहान गोष्ट नाही.

या दोन जगांची गाठ पडल्याची एक छोटी खूणही आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ हेल्गो नावाचे बेट आहे. १९५० च्या दशकात तिथे उत्खनन झाले आणि मातीतून बुद्धाची ब्राँझची मूर्ती निघाली. उंची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, तळहातावर मावेल एवढी. ती साधारण सहाव्या शतकात भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवली गेली असे मानतात. त्याच ठिकाणी आयर्लंडच्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या दंडाची मूठ आणि इजिप्तकडचा एक डाव मिळाला. आज ही मूर्ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. स्वीडनमध्ये त्या काळी बौद्ध होते असा याचा अर्थ नाही. मूर्ती हातोहात, बाजारपेठांतून तिथवर गेली असणार. ज्याने ती जपून ठेवली त्याला बुद्ध कोण हे बहुधा माहीत नसेल. तरी त्याने ती फेकली नाही, वितळवली नाही.

तेरचेही तसेच. इथे आमचे म्हणणे स्पष्टच सांगतो. तेरचे चैत्य त्रिविक्रमाचे देऊळ झाले हे वाचून आपल्यातल्या काहींना राग येतो. तो समजण्यासारखा आहे. पण ज्या विटांच्या वास्तूंत कोणीच दिवा लावला नाही, त्यांचे काय झाले? विटा गावोगाव घरांच्या भिंतींत गेल्या. पूजा चालू राहिली, दुरुस्ती होत राहिली, म्हणून तेरची गोलाई आज आपल्याला बघायला मिळते. मूळ कोणाचे हे अभ्यासाने सांगावे, आणि ज्यांनी राखले त्यांचेही ऋण मानावे. ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात.

एक हुरहूर मात्र राहते. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोण व्यापारी, कोण सुतार, कोण कुठल्या गावचा, हे दोन हजार वर्षांनी आपण वाचतो. तेरच्या विटा कोणी भाजल्या, कोणी रचल्या, कोणाच्या पैशातून आल्या, हे मात्र भिंत सांगत नाही.

म्हणून स्मरणिकेतली देणगीदारांची यादी ही काही नुसती पाने भरायची बाब नाही. आपल्या विहाराच्या पायाला कोणी खड्डा खणला, विटा कोणी दिल्या, स्लॅबच्या दिवशी कोणी पाटी उचलली, कोणत्या माउलीने भाकरी बांधून आणल्या, हे ज्यांना आठवते त्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या आणि सालासकट लिहून ठेवा. सुट्टीत मुलांना तेरला न्या. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालयही आहे, तेही दाखवा. पण आधी देवळाच्या मागच्या बाजूला न्या आणि विचारा, ही भिंत इथे का वळली असेल? उत्तर लगेच सांगू नका. त्यांना बघू द्या.