आष्टीतील पक्षांतर आणि गटनिष्ठा

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) सीमेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात भारतीय जनता पक्षाचा जो विस्तार झाला, त्याचा इतिहास पक्षापेक्षा गटाच्या अंगाने अधिक नीट उलगडतो. येथे ‘गट’ म्हणजे एका नेत्याभोवती सेवा सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांतून विणले गेलेले कार्यकर्त्यांचे जाळे होय. ज्या कोरडवाहू मुलखातून दरवर्षी हजारो कुटुंबे उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात, तेथे अडल्या वेळी धावून येणारा नेता विचारसरणीहून जवळचा वाटणे स्वाभाविक होते.

आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार हे तालुके सामावणाऱ्या या मतदारसंघातून सुरेश धस 1999 आणि 2004 मध्ये भाजपच्या चिन्हावर निवडून आले; मात्र 2009 मध्ये तेच मतदार त्यांच्यामागे राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेले, आणि 2014 च्या लोकसभा निवडणुकीत तर धस ज्यांच्या नेतृत्वाखाली घडले त्या भाजपच्या गोपीनाथ मुंडे यांच्याच विरोधात उभे राहून पराभूत झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्यांना हरवणारे भीमराव धोंडे भाजपचे असले, तरी त्यांची राजकीय घडण काँग्रेसच्या काळातली होती. विचारांच्या पक्षाने प्रतिस्पर्ध्याचा जुना गट आपलासा करून जागा परत मिळवली, ही बाब कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा बोलकी आहे.

2017 मध्ये धस गटाच्या सदस्यांच्या साथीने बीड जिल्हा परिषदेची सत्ता भाजपकडे गेली, राष्ट्रवादीने धस यांच्यावर कारवाई केली, आणि 2018 मध्ये ते भाजपकडून विधान परिषदेवर गेले. ज्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून ते गेले, तेथे प्रामुख्याने नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य मतदार असतात, म्हणून बांधलेल्या गटाचे मोल सर्वाधिक ठरते. 1985 च्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेली दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी, सभागृहातील सदस्याला पक्षादेशाने बांधते. निवडणुकांच्या मधल्या काळात गावोगावचा गट कोठे वळतो, याला तिच्या चौकटीत जागाच नाही, आणि ही तिची मोठी उणीव मानावी लागते.

एकाच पक्षात धस आणि धोंडे हे दोन जुने प्रतिस्पर्धी आल्यावर फूट बाहेरून आत आली. 2019 मध्ये धोंडे यांना राष्ट्रवादीच्या बाळासाहेब आजबे यांनी पराभूत केले. पुढे राष्ट्रवादी फुटल्यावर आजबे अजित पवार यांच्यासोबत भाजपच्या महायुतीत आले, तरीही 2024 मध्ये भाजपच्या धस यांच्यासमोर मित्रपक्षाचे आजबे ‘मैत्रीपूर्ण लढती’त आणि धोंडे अपक्ष म्हणून उभे होते. धस विजयी झाले, धोंडे दुसरे आले, आणि निकालानंतर धस यांनी स्वपक्षातूनच आपल्याविरुद्ध काम झाल्याचा जाहीर आरोप केला.