रूटचा क्रॉन, माणसाचा सूडो

सूडो लावून हाताने दिलेली आज्ञा बिनबोभाट चालते. तीच क्रॉनटॅबमध्ये पहाटे तीनला लावली की काम होत नाही. लिनक्स सांभाळणाऱ्या बहुतेकांना ही अडचण कधी ना कधी येते. ती समजायची तर क्रॉन आणि सूडो या दोन घराण्यांचं कूळ पाहावं लागतं.

ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा क्रॉन अमेरिकेतल्या बेल लॅब्जचा. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो अगदी साधा होता. साऱ्या यंत्राची मिळून एकच यादी. दर मिनिटाला ती तपासायची आणि वेळ झालेली कामं रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने उरकायची. साहजिकच हक्क कमी पडण्याचा प्रश्न नव्हता. पुढे सिस्टिम फाइव्हमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा क्रॉनटॅब मिळाला. १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्या क्रॉनमधून ही रीत लिनक्सवर रुळली. आता ज्याचं काम, त्याच्यापुरतेच हक्क.

सूडो जन्मला १९८०च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो व्हॅक्स-११/७५० यंत्रावर घडवला. रूटचा पासवर्ड न वाटता ठरावीक माणसाला ठरावीक आज्ञा चालवू देणं, हे त्याचं काम. हक्क देण्याआधी तो सहसा टर्मिनलवर बसलेल्या माणसाला त्याचा स्वतःचा पासवर्ड विचारतो.

खटका उडतो तो इथेच. क्रॉन माणूस नसताना राबतो. सूडो माणूस समोर आहे असं धरून चालतो. पहाटे तीनला टर्मिनलच नसतं, मग पासवर्ड देणार कोण? सूडो तक्रार नोंदवून थांबतो. क्रॉन ती तक्रार मेलने धाडतो, पण यंत्रावर मेलची सोयच नसेल तर ती कुणापर्यंत पोचत नाही. म्हणून सर्वांत आधी आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवावेत. निदान तिथूनच सुरू होतं.

सरळ उपाय क्रॉनच्या मूळ रीतीकडे नेतो: ते काम रूटच्याच क्रॉनटॅबमध्ये लिहावं, तिथे सूडो लागतच नाही. काम आपल्याच खात्यातून चालवणं भाग असेल, तर सूडोचे नियम बदलणाऱ्या व्हीसूडोने तेवढ्या एकाच आज्ञेला पासवर्डची माफी द्यावी; सगळ्या आज्ञांना कधीच नको. तरीही आज्ञा सापडत नसेल तर पाथ, म्हणजे आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांची यादी, तपासावा. क्रॉनचा पाथ बहुधा दोनच डिरेक्टऱ्यांचा असतो आणि व्यवस्थापनाची कित्येक साधनं त्यांच्याबाहेर राहतात. अशा आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा. ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर क्रॉन तिथे ओळ तोडतो, त्यामुळे त्याआधी उलटी तिरकी रेघ हवी.

शेवटची तपासणी सर्वांत मोलाची. रूटच्या हक्काने चालणारी स्क्रिप्ट आणि तिची डिरेक्टरी रूटच्याच मालकीची असावी, इतर कुणाला तिथे लिहिता येऊ नये. नाहीतर त्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालू शकणारा कुणीही साऱ्या यंत्राचा धनी होतो.