ऑथेल्लोचा काळा रंग

शेक्सपिअरच्या नाटकातला काळा योद्धा ऑथेल्लो 1604 च्या सुमारास रंगमंचावर आला, तेव्हापासून ही भूमिका तोंडाला काळे फासून करणे ही गोऱ्या नटांची वहिवाटच झाली. अभिनय म्हणजे परकाया प्रवेश, मग नटाच्या वर्णाची चौकशी कशाला, असे तिच्या समर्थनार्थ सांगितले जाते. तत्त्व म्हणून हे मलाही मान्य आहे. प्रश्न आहे तो या प्रवेशाची मुभा कोणाला होती, हा. 1833 मध्ये ऑथेल्लो करणारा गोरा नट एडमंड कीन आजारी पडल्यावर लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये आयरा ऑल्ड्रिज हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. वृत्तपत्रांतील काही टीकाकारांनी त्याच्या वर्णावरच आग पाखडली, आणि दोनच प्रयोगांनंतर ते दार बंद झाले. काळ्या योद्ध्याची भूमिका खऱ्या काळ्या माणसाने करावी, हेच त्यांना सहन झाले नाही!

ऑल्ड्रिजनेही चेहरा गोरा रंगवून शेक्सपिअरचे लिअर आणि शायलॉक केलेच की, असा आक्षेप कोणी घेईल. केले खरे, आणि युरोप-रशियात त्याचा मोठा गौरव झाला; पण त्यासाठी त्याला लंडनच्या प्रमुख रंगमंचांपासून दूर, आयुष्याचा बराच काळ दौऱ्यांवर राहावे लागले. गोऱ्या नटाला हेच स्वातंत्र्य घरबसल्या मिळत होते. 1943 मध्ये कृष्णवर्णीय नट पॉल रोबसनचा ऑथेल्लो ब्रॉडवेवर 296 प्रयोग चालला, तरी 1965 च्या ‘ऑथेल्लो’ चित्रपटात गोरा नट लॉरेन्स ऑलिव्हिए पुन्हा काळा रंग फासूनच उभा होता.